सगुणाचं लाल औषध

फोन आला तेव्हा मृणाल काउंटरवर एका बाईला खोकल्याच्या औषधाचं माप समजावून सांगत होती. जेवणानंतर एक झाकण, झाकणात रेघ आहे तिथपर्यंत. बाई गेल्यावर तिने फोन कानाला लावला. पलीकडे प्रणाली होती, नवी मुंबईतल्या त्या हॉस्पिटलमधली. गुडघेदुखीच्या एका नव्या गोळीचा अभ्यास तिथे चालू होता आणि सहा महिने दर पंधरा दिवसांनी ही मुलगी हातात घड्याळ धरून मृणालला खुर्चीतून उठायला-बसायला लावत असे. "मॅडम, स्टडी संपली. कोणाला काय दिलं होतं ते आता उघडलंय. तुम्ही प्लासिबोत होता." मृणाल म्हणाली, "म्हणजे कोरी गोळी." "हो मॅडम, त्यात औषध नव्हतं. पण तुमचा रिझल्ट इतका छान होता ना, सर स्वतः म्हणाले." मृणालने थँक्यू म्हटलं, फोन ठेवला, आणि काउंटरमागच्या स्टुलावर बसताना तिचा उजवा गुडघा दुखला.

खरंच दुखला की बातमी ऐकून दुखला, हे तिला ठरवता येईना. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेली बाई ती, उलव्यात स्वतःचं दुकान असलेली. प्लासिबो हा शब्द तिने परीक्षेसाठी पाठ केला होता. अर्ध्या लोकांना औषध नसलेली गोळी मिळेल, असं अभ्यासात नाव घालतानाच्या फॉर्मवर मराठीत छापलेलं होतं आणि त्याखाली तिची सही होती. तरी आपली गोळी खरी आहे हे तिने मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं, केव्हा ते तिला आठवत नव्हतं. जिभेवर ठेवली की ती जराशी कडू लागायची, एवढं आठवत होतं. फेब्रुवारीत ती चौलच्या दत्ताच्या टेकडीच्या सगळ्या पायऱ्या चढून गेली होती, वाटेत एकदाच थांबून. वर पोचल्यावर लोकांच्या नकळत डोळे पुसले होते. एक्स-रेमध्ये हाडांमधली फट कमी झालेली डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवली होती. ती फट काही पुन्हा वाढली नव्हती. मग त्या पायऱ्या कोण चढलं? दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा, कुलदीप, रात्रपाळी करून आला; तो न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात असतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग चांगलंच की. पोटात काही न जाता बरी झालीस." तो आंघोळीला गेला. ती गॅलरीत कपडे वाळत घालत राहिली. चिमटे संपले, तरी हातातला टॉवेल तसाच होता. मग माझं दुखणं काय होतं, असं ती स्वतःशी पुटपुटली, आणि लक्षात आलं की हा प्रश्न तिचा नाही. बत्तीस वर्षांपूर्वी, रेवदंड्याला, तो तिने दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला होता आणि उत्तर न देता ती घरात निघून गेली होती.

रेवदंड्याचा दवाखाना म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर कर्णिक, मागच्या खोलीत तिचे वडील, येसाजी कंपाउंडर. येसाजी आतल्या बाजूच्या भातशेतीच्या गावातून नोकरीसाठी खाडीच्या तोंडाशी आलेले. समुद्राचा वारा त्यांना अखेरपर्यंत मानवला नाही, पण माणसं मानवली. मृणाल हे नाव डॉक्टरांच्या बायकोने ठेवलेलं. आईला ते कित्येक वर्षं नीट म्हणता येत नसे. शाळा सुटली की ती मागच्या खोलीत येई. बाहेरून वाळत्या बोंबलांचा वास, आतून स्पिरिटचा आणि पेपरमिंटचा, आणि दोन्ही वास दारात एकमेकांना भेटत. तिथे उंबऱ्यावर बसून ती औषधाच्या मापाच्या पट्ट्या कापत असे. कागदाची लांब पट्टी दुमडायची, कडेला कातरीने खाचा मारायच्या, उलगडली की सारखी दातेरी नक्षी. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. माणसं घरून बाटल्या आणत, तेलाच्या, सरबताच्या, एकदा तर अत्तराची. वडील त्या धुऊन, खळ लावून पट्टी चिकटवत आणि बाटली उजेडात धरून बघत. ती उजेडात धरलेली लाल बाटली आणि तिच्यातून वडिलांच्या शर्टावर पडलेला गुलाबी ठिपका, हे तिला आजही डोळे न मिटता दिसतं. बाकीच्या औषधांची नावं डॉक्टर चिठ्ठीवर इंग्रजीत लिहीत. काही चिठ्ठ्यांवर मात्र एकच शब्द असे, तोही मराठीत: लाल.

लाल कसं करतात हे तिला दहाव्या वर्षी कळलं. उकळून गार केलेलं पाणी, थोडा साखरेचा पाक, पेपरमिंटचे थेंब, चिमूटभर रंग आणि चमचाभर काडेचिराइताचं पाणी. ते कशाला, असं तिने विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "कडू लागलं पाहिजे गो. गोड औषधावर कुणाचा भरवसा बसत न्हाय." त्यात औषध कुठलं, असं तिने विचारलं नाही. तो प्रश्न सुचायला तिला शिकावं लागलं. पण एक दिवस तिला चांगला आठवत होता. डॉक्टर गावाला गेलेले, आणि चौलचा एक सुपारीवाडीवाला छातीवर हात दाबत आत आला. कपाळावर घाम. "येसाजी, गॅस धरलाय, जरा लाल द्या." वडिलांनी बाटलीकडे हातसुद्धा नेला नाही. रस्त्यावरचा बर्फाचा टेम्पो थांबवला, माणसाला त्यात घातलं, स्वतः शेजारी बसले आणि थेट अलिबाग गाठलं. माणूस वाचला, पुढे अकरा वर्षं जगला. संध्याकाळी परत आल्यावर हात धुताना वडील म्हणाले होते, "लाल कुणाला द्यायचं न्हाय ते आधी शिकायचं. कुणाला द्यायचं ते मागनं."

सगुणाला ते दर गुरुवारी देत. कोळीवाड्यातली सगुणा, तेव्हा चाळिशीची, कासोटा घट्ट, आवाज मोठा. तिची सात वर्षांची जनी तापाने गेली होती. दवाखान्यात आणली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर सगुणाच्या छातीत पाखरू फडफडायला लागलं, असं ती सांगे. रात्र रात्र डोळा लागत नसे. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, अलिबागला पाठवून काळजाचा आलेख काढून आणला, काळीज ठणठणीत. मग चिठ्ठीवर लाल आलं. गुरुवारी ती बाटली घेऊन यायची आणि येसाजी ती धुवायला बराच वेळ लावायचे. बाटली धुताना पाठमोरेच विचारायचे, या आठवड्यात पाखरू कितीदा आलं? बुधवारी आलं काय? तेव्हा तू काय करीत होतीस? आणि सगुणा बोलायची. बोंबील वलांडीवर वाळत घालताना जनी कशी खालून ओढायची, तिला केसात अबोली कशी लागायची, तापात तिने काय मागितलं होतं. मृणाल उंबऱ्यावर पट्ट्या कापत असे, सगळं ऐकू येत असे. लाल घेतलं की सगुणा झोपायची. जवळजवळ नऊ वर्षं झोपली.

मुंबईहून फार्मसीचा डिप्लोमा करून मृणाल सुटीत आली तो गुरुवारच होता. वडील मीठ आणायला बाजारात गेलेले. दवाखाना बंद दिसला म्हणून सगुणा घरच्या अंगणात बाटली घेऊन उभी होती. ती बाटली बघून मृणालच्या डोक्यात काय आलं, ते तिने नंतर कितीदा तपासलं. राग नव्हता. दोन वर्षं पुस्तकं वाचून आलेला स्वच्छ, कोरा उत्साह होता. या बाईला कुणी फसवू नये असं मनापासून वाटलं होतं, अगदी आपल्या वडिलांनीसुद्धा. ती म्हणाली, "काकी, यात औषध नसतं. पाणी, साखर आणि रंग. तुम्हाला काही झालेलं नाहीये. घरीच पाणी प्या, तेवढाच गुण येईल." सगुणा हसली आधी. मग मृणाल चेष्टा करत नाही हे तिला दिसलं. तिने बाटलीकडे बघितलं, पदराने उगीच पुसली. "म्हंजे माजं दुखनं पन पानीच व्हतं काय गो?" चूल बघायचं निमित्त करून मृणाल आत गेली. बाहेर आली तेव्हा बाटली ओट्यावर होती, बाई नव्हती. येसाजींनी मिठाची पिशवी खाली ठेवत सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. "खरं सांगितलंस," ते म्हणाले. "बरं केलंस. मंग त्याच्या बदल्यात काय दिलंस तिला?" पुढचे दोन गुरुवार ते स्वतः कोळीवाड्यात जाऊन आले. सगुणाने चहा दिला, आता नको म्हणाली. झोप पुन्हा गेली, हे सगळ्या गावाला माहीत झालं. सात वर्षांनी येसाजी वारले तेव्हा ती आली, लांब उभी राहिली, मृणालकडे न बघता गेली.

सगळा आठवडा मृणालने गिऱ्हाइकांना औषधं दिली आणि प्रत्येक माणूस पाकीट घेताना कुठे बघतो ते बघत राहिली. कुणी गोळीकडे बघत नव्हतं. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. गुडघा रोज थोडा थोडा दुखत होता, आणि तिला त्याची लाज वाटत होती, जसं काही तोच खोटं बोलताना पकडला गेला होता. रविवारी दुकान बंद ठेवून तिने अलिबागची एसटी धरली, तिथून शेअर रिक्षा. माफी मागायची एवढंच ठरवलं होतं. कोळीवाड्यात आता सिमेंटची घरं होती. सगुणाची सून, शिवानी, दारात जाळ्यातून कोळंबी सोडवत होती. येसाजी कंपाउंडरची मुलगी म्हटल्यावर तिने हात पुसले आणि आत हाक मारली. सगुणा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती, मांडीखाली दोन उश्या. चेहरा फुगल्यासारखा, आवाज मात्र तोच.

"कोन? येसाजीची?"

"हो. मृणाल. काकी, मी तेव्हा तुम्हाला..."

"त्ये ऱ्हाऊ दे." सगुणाने हात झटकला. दोन शब्दांनंतर तिला थांबावं लागत होतं. "बरी आलीस. लाल करायला येतं काय तुला? बापासारकं?"

मृणालने पर्स खांद्यावरून काढून जमिनीवर ठेवली.

"आडवी झाली का दम लागतो. बसूनच झोपतंय मी, महिना झाला. पाखरू परत आलंय. त्या लालनंच जायाचं त्ये. कर ना गो. पानी तर पानी."

येत होतं तिला. पेपरमिंट पर्समध्ये सापडलं असतं. क्षणभर तिला वाटलं की हेच ते उत्तर, बत्तीस वर्षं उशिरा का होईना, देऊन टाकावं; उठून पाणी उकळायला ठेवावं, बाटली धुताना पाठमोरं उभं राहून विचारावं, बुधवारी आलं काय? ती सगुणाच्या पायाशी बसली. पाय गुळगुळीत, चकचकीत दिसत होते. तिने नडगीवर अंगठा दाबला, पाचपर्यंत मोजलं, अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला. पिठात बोट दाबावं तसा. तिने दुसऱ्या पायावर दाबून बघितलं. शिवानी दारातून बघत होती. "शिवानी," मृणाल म्हणाली, "रिक्षा बोलव. अलिबागला जायचं आहे. आत्ता." सगुणा म्हणाली, मी कुठं न्हाय जात, तिथं सुया टोचतात, लाल देतीस तर दे. तेव्हा मृणालने तिचा हात धरला आणि म्हणाली, "मी शेवटपर्यंत बरोबर आहे. तुम्हाला सोडून परत जाणार नाही." रिक्षात सगुणा तिच्या खांद्याला टेकून बसली होती. रस्ताभर एकच काळजी तिला होती, मृणाल मधेच कुठे उतरेल की काय.

अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं ते तिने आधीच ओळखलं होतं. काळजाला पाणी उपसण्याची ताकद उरली नव्हती, ते पायात आणि छातीत साचत होतं. चार दिवस सगुणा तिथे होती, आणि मृणालही. पाणी उतरलं, पाय पुन्हा पायांसारखे दिसायला लागले, हाडं दिसली. ती आडवी होऊन झोपली. घरी पाठवताना डॉक्टरांनी रोज सकाळची एक पाण्याची गोळी, बाकीच्या दोन, आणि जेवणात मीठ जवळजवळ बंद सांगितलं. सगुणा वॉर्डातल्या बाईला सांगत होती, "येसाजीच्या पोरीच्या हाताला गुन हाय. तिनं पाय चेपला आनि पानी पळालं." मृणालने ऐकलं. तिला बरं वाटलं, आणि एवढं बरं वाटावं याची थोडी भीतीही वाटली, तरी तिने ते खोडून काढलं नाही.

तीन आठवड्यांनी शिवानीचा फोन आला. "मावशी, सासूबाई गोळ्या घेत न्हाय. आठ दिस झाले. म्हंतात, मृणालनं बरं केलंय, आता गोळ्या कशाला. ती पाण्याची गोळी घेतली की सारखं उठायला लागतं ना, म्हनून. पाय परत भरलेत." मृणालने दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं, ते पूर्ण ओढलं.

सगुणा पुन्हा भिंतीला टेकलेली होती, पण खुशीत. "बस. चा टाक गो शिवानी. बघ, ही आली, आता बरं वाटंल." मृणाल तिच्यासमोर मांडी घालून बसली. गुडघे कुरकुरले, तिने कुरकुरू दिले. आज पळून जायला आत चूल नव्हती. ती म्हणाली, "काकी, माझ्या हाताला गुण नाही. त्या गोळीने पाणी उतरलं होतं. गोळी बंद केलीत म्हणून परत चढलं. मी रोज इथे येऊन बसले तरी ते उतरणार नाही."

सगुणाने आपल्या भरलेल्या पायांकडे बघितलं. बाहेर कुणीतरी बर्फ फोडत होतं. "परत तसंच बोललीस," ती शेवटी म्हणाली. "बाप तुजा असं कदी बोलला न्हाय."

"वडील असते तर तुम्हाला लाल दिलं नसतं. आज नसतं दिलं."

"आनि तवा दिलं त्ये? खोटंच ना?"

"बाटलीत पाणी होतं," मृणाल म्हणाली. "तुमचं दुखणं पाणी नव्हतं. तेव्हा मला दोन्हीतला फरक कळत नव्हता. तुम्ही विचारलंत आणि मी आत निघून गेले. मलासुद्धा तसंच दिलं हॉस्पिटलवाल्यांनी, काकी. यंदा. सहा महिने गुडघ्यासाठी कोरी गोळी. काहीच नव्हतं तीत. मी चौलची टेकडी चढले."

सगुणाने मान वर केली. "तुला? दुकानवालीला?"

"मला."

"लाल पाजलं तुला?" आणि ती हसायला लागली. हसता हसता दम लागला, खोकला आला. शिवानी धावत आली, तरी ती हात हलवून हसतच होती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "आनि चढलीस?"

"सगळ्या पायऱ्या."

"आनि आता?"

"आता दुखतंय."

"मंग झालं," सगुणा म्हणाली. तिने मृणालच्या गुडघ्यावर आपला जाड, सुजलेला हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. चहा आला. शिवानीने गोळीची पट्टी पुढे केली. सगुणाने ती उलटसुलट करून बघितली. "ही काय बोलत न्हाय बघ. खाल्ली का संपली. तुजा बाप निदान इचारायचा तरी." मग पट्टी मृणालच्या हातात देत म्हणाली, "तू रोज फोन करशील तर घेते. न्हायतर न्हाय." मृणालने मनात हिशोब केला: सकाळचा डबा, कुलदीपची पाळी, दुकानाची वेळ. "सात वाजता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सातला तिने फोन लावला. पलीकडे भांड्याचा आवाज झाला, पट्टीचा चुरचुरीत कागद फाटला, मग एक मोठा घोट. "घेतली," सगुणा म्हणाली. मृणाल बरं म्हणून थांबली. तिला फोन कसा ठेवायचा ते सुचेना. तेवढ्यात पलीकडून सुरू झालं: या शिवानीनं कालचं कालवण बिनमिठाचं केलं, सगळा जन्म मिठात हात घातले आनि आता ताटात मीठ न्हाय, मांदेली तर अशी लागली का मांजर पन हुंगून गेलं, आनि डाव्या कुशीवर वळलं का खांदा धरतो, त्यो कशानं धरत असंल, काल दोनदा धरला, एकदा दुपारी आनि एकदा चा पिताना. गॅसवर दूध वर येत होतं. मृणालने गॅस बंद केला, ओट्याजवळची खुर्ची ओढली आणि बसली.

"चहा पिताना कोणत्या हातात कप होता?" तिने विचारलं.

"डाव्या. का गो? दुकान उगडायचं हाय काय तुला?"

"आहे. उशिरा उघडेन."

"मंग ठेवू नको फोन," सगुणा म्हणाली. "माजं संपलं न्हाय अजून."